नाल्याच्या पलीकडचे हात

(संस्थेच्या वार्षिक उपकारस्तुती मेळाव्यात आपल्या रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्या भगिनीने केलेले भाषण. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



चार वर्षांपूर्वी याच मेळाव्यात पाळकसाहेबांनी सांगितलं होतं की, नवापूर तालुक्यातल्या एका मुलीला पुण्याला शिकायला पाठवायचं आहे आणि फी कमी पडते आहे. त्या दिवशी ज्यांनी पाकीट टाकलं, त्यांतल्या बहुतेकांनी त्या मुलीला पाहिलंही नव्हतं. ती मुलगी मी. आज मी हिशेब द्यायला उभी आहे. रुपयांचा हिशेब खजिनदारांकडे आहे, मी कामाचा देते.

माझ्या शिक्षणाचं नाव आहे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन. सगळे ईएमटी म्हणतात. आमच्या पाड्यावर मला अजून कोणी नर्सबाई म्हणतं, कोणी गाडीवाली ताई म्हणतं. मी नर्स नाही, डॉक्टर तर नाहीच. माणूस जिथे पडला आहे तिथपासून दवाखान्याच्या दारापर्यंत त्याला जिवंत न्यायचं, एवढंच माझं काम. याच्या पुढचं शिक्षण घेतलेला तो पॅरामेडिक. तो शिरेतून औषध देतो, हृदयाचा आलेख वाचतो, श्वासनलिकेत नळी घालतो. मी त्याच्या आधीच्या पायरीवर आहे.

हे शिकावंसं का वाटलं, ते आधी सांगते. मी दहा वर्षांची असताना माझी काकी बाळंतपणात अडली. पावसाळा होता. डांबरी रस्ता आमच्या पाड्यापासून पाच किलोमीटर. बांबूला घोंगडीची झोळी बांधली, चार जणांनी खांदा दिला आणि मी बॅटरी घेऊन पुढे चालत होते. काकी पहिल्यांदा ओरडत होती, मग कण्हत होती, मग गप्प झाली. आम्हाला वाटलं, तिला झोप लागली. रस्त्यावर पोचल्यावर झोळी खाली ठेवली तेव्हा कळलं. चौघांतल्या कोणाचीही चूक नव्हती. खांदे होते, माया होती, पण तिची नाडी कुठे बघायची हे आमच्यात एकालाही माहीत नव्हतं.

बारावी विज्ञान झाल्यावर संस्थेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "पुढे काय करणार?" मी म्हटलं, "ऊसतोडीला गुजरातला जाणार, घरचे जातात तिकडेच." त्या म्हणाल्या, "एक वर्ष थांब. तुला वेगळं काही शिकवता येतं का बघू." तिथून मी पुण्याला एका मोठ्या रुग्णालयाच्या संस्थेत पोचले.

पहिले दोन महिने मी रोज रात्री रडले. वर्गात इंग्रजी, जेवणात साखर, आणि माझ्या मराठीला मुलं हसायची. घरी आम्ही मावची बोलतो, मराठी माझी शाळेची भाषा. पण शिकवणाऱ्या सरांनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट केली. मनगटावर दोन बोटं ठेवायला सांगितली आणि म्हणाले, "अंगठा वापरू नका, अंगठ्याला स्वतःची नाडी असते. घड्याळ बघा आणि मोजा." मोजणं मला येत होतं. सर म्हणाले, "घाबरलात की मोजा. नाडी मोजा, श्वास मोजा. मोजणाऱ्याचा हात थरथरत नाही." मी ते धरून ठेवलं.

काय काय शिकवलं ते थोडक्यात सांगते, कारण तुम्ही त्याचे पैसे दिलेत. श्वासाचा मार्ग मोकळा आहे का, श्वास चालू आहे का, रक्ताभिसरण आहे का, हा क्रम. रक्तदाब कानाने ऐकून घ्यायचा, गाडी हलत असताना सुद्धा. ऑक्सिजनच्या सिलिंडरमध्ये किती उरलंय ते निघण्याआधी बघायचं. मोडलेल्या हाडाला फळी बांधायची. मानेला मार असेल तर चौघांनी मिळून, एकाच्या हुकमाने, माणसाला ओंडक्यासारखं अख्खं वळवायचं. बाळंतपण: डोकं दिसू लागल्यावर ओढायचं नाही, नुसता आधार द्यायचा. बाळ आलं की कोरडं करायचं, आईच्या छातीवर ठेवायचं, झाकायचं. हृदय थांबलं तर छातीच्या मधोमध तीस दाब आणि दोन श्वास. मिनिटाला शंभर ते एकशे वीसच्या गतीने, किमान पाच सेंटिमीटर खोल, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. पुतळ्यावर दोन मिनिटं केलं की हात भरून येतात. शेतात काम केलेली असल्यामुळे मी चार मिनिटं करायची. तेव्हापासून वर्गातलं हसणं थांबलं.

रात्रपाळीला आम्हाला अपघात विभागात उभं करायचे. तिथे प्रश्न विचारायला शिकले: काय होतंय, कशाची ॲलर्जी आहे का, कोणतं औषध चालू आहे, आधी काही आजार, शेवटचं कधी खाल्लं, आणि हे सुरू झालं तेव्हा काय करत होता. एक प्रश्न मात्र पुस्तकात होता तसा मला कधी जमला नाही. दुखणं एक ते दहात किती, असं विचारायचं असतं. आमच्याकडच्या म्हाताऱ्या आजीला दुखण्याला नंबर देता येत नाही. मी विचारते, "आजी, बाळंतपणात दुखलं होतं त्यापेक्षा जास्त की कमी?" ती लगेच सांगते.

आता माझ्या नापास होण्याची गोष्ट सांगते. पहिल्या प्रात्यक्षिक परीक्षेत मी नापास झाले. जमिनीवर पुतळा ठेवला होता, शेजारी एक दोरी पडलेली होती. सर म्हणाले, "सुरू कर." मी धावत गेले, गुडघे टेकले, श्वास बघू लागले. सर म्हणाले, "थांब. ती दोरी म्हणजे विजेची तार होती. तू मेलीस. आता माझ्याकडे दोन रुग्ण आहेत आणि मदतीला कोणी नाही." सगळ्यात पहिला धडा हाच होता, जागा सुरक्षित आहे का ते बघायचं. मला तो पाठ होता, पण पुतळा पाहिला आणि मला झोळीतली काकी दिसली. सरांना मी ते सांगितलं. ते म्हणाले, "म्हणूनच तुला नापास केलं. ज्यांना धावावंसं वाटतं त्यांनाच थांबायला शिकवावं लागतं." महिन्याने परत परीक्षा दिली आणि पास झाले. हा धडा लक्षात ठेवा, पुढे मला त्याच्याकडे परत यायचं आहे.

याच सरांनी एकदा अमेरिकेची एक खरी गोष्ट सांगितली. पिट्सबर्ग शहरात हिल डिस्ट्रिक्ट नावाची कृष्णवर्णीय लोकांची गरीब वस्ती होती. तिथे कोणी आजारी पडलं की पोलिसांची गाडी यायची, मागे टाकायची आणि न्यायची. वाटेत उपचार नाही. १९६७ साली तिथे फ्रीडम हाउस नावाची रुग्णवाहिका सेवा उभी राहू लागली. डॉक्टर पीटर सफार यांनी तिचं शिक्षण ठरवलं. तोंडाने श्वास देण्याच्या पद्धतीवर काम केलेले हे डॉक्टर. त्यांची स्वतःची लहान मुलगी १९६६ साली दम्याच्या झटक्यानंतर वारली होती. त्यांनी शिकायला कोणाला घेतलं? त्याच वस्तीतल्या बेकार तरुणांना. काहींनी शाळाही पुरी केली नव्हती. लोक म्हणायचे, यांना हे जमणार नाही. त्यांनी सुमारे तीनशे तासांचं शिक्षण घेतलं आणि पुढे अमेरिकेतल्या पहिल्या पॅरामेडिकांमध्ये त्यांची गणना झाली. नॅन्सी कॅरोलाइन या डॉक्टरबाईंनी त्यांना पुढचं शिक्षण दिलं आणि या विद्येचं पाठ्यपुस्तक लिहिलं. १९७५ साली शहराने ती सेवा बंद करून स्वतःची सुरू केली, आणि या तरुणांना पुष्कळ वर्षं लोक विसरले. सर गोष्ट संपवताना माझ्याकडे बघत नव्हते, पण मला कळलं ती कोणासाठी होती.

शिक्षण संपल्यावर पुण्यातल्या एका रुग्णालयात मला नोकरी मिळत होती. पगार इथल्यापेक्षा बराच जास्त होता. मी परत आले याचं मोठेपण मला नको. मला घरची आठवण येत होती, आणि तुमचं ऋण होतं.

आपल्या राज्यात १०८ ची सेवा २०१४ साली ९३७ गाड्या घेऊन सुरू झाली. तिच्यात डॉक्टर असतो. आमच्या शेजारच्या गुजरातमध्ये त्या गाडीवर माझ्यासारखे ईएमटी असतात. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळांसाठी १०२ आहे. आपली जीप या गाड्यांच्या ऐवजी नाही. रस्ता संपतो तिथून पुढच्या पाड्यांसाठी ती आहे. डॉक्टरबाई फोनवर असतात, मी मागे बसते, आणि चालवायला आपले चालकदादा, ज्यांना त्या डोंगरातला प्रत्येक खड्डा नावाने माहीत आहे.

पहिल्या वर्षातल्या दोन रात्री तुम्हाला सांगते. एक तुम्हाला आवडेल. दुसरी सांगितल्याशिवाय हिशेब पुरा होणार नाही.

पहिली रात्र ऑगस्टमधली. पहाटे तीनला फोन आला, चौदा वर्षांच्या मुलाचं पोट दुखतंय, उलटी झाली. मी विचारलं, "कुठे झोपला होता?" म्हणाले, "जमिनीवर." मी विचारलं, "डोळ्यांच्या पापण्या बघा, खाली आल्यात का?" म्हणाले, "हो, झोप आल्यासारखं करतोय." मला मण्यारचा संशय आला. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. पुष्कळदा दुखत नाही, सूज नाही, दाताची खूण सापडत नाही. पोट दुखतं, पापण्या जड होतात, आणि मग श्वासाचे स्नायू थकतात.

पोचलो तेव्हा भगत बसलेला होता. मुलाच्या पायाला दोरी करकचून बांधलेली होती. खरं सांगते, मला राग आला. पण चालकदादा पुढे झाले, भगताच्या पाया पडले आणि म्हणाले, "बाबा, मंत्र थांबवू नका. गाडीत बसा आणि तिथेच म्हणा." भगत उठला आणि गाडीत बसला. घरचे लोक त्याच्या मागून आले. नाहीतर अर्धा तास वादात गेला असता.

डॉक्टरबाईंना फोनवर विचारून मी त्यांच्या सांगण्याप्रमाणे दोरी सैल केली. पाय फळीला बांधून हलू दिला नाही. वेळ लिहून घेतली. वाटेत मुलाचा श्वास उथळ झाला आणि मग जवळजवळ थांबला. आमच्याकडे अंबू बॅग असते, रबराची पिशवी, दाबली की हवा आत जाते. एकट्याने करायचं तर एक हात मास्कवर, एक पिशवीवर, आणि खड्ड्यात मास्क सुटतो. मी दोन्ही हातांनी मास्क धरला आणि त्याच्या काकाला पिशवी दिली. म्हटलं, "मी सांगते तसं मोजा. सहा झाले की दाबा, हळू, छाती वर येईपर्यंत. मग परत एकपासून." तो काका शाळेत गेलेला नाही. त्याने आमच्या भाषेत मोठ्याने मोजायला सुरुवात केली. मग भगतही त्याच्याबरोबर मोजू लागला. सव्वा तास त्या गाडीत आमचं मोजणंच चाललं होतं.

तालुक्याच्या दवाखान्यात सर्पदंशावरची लस सुरू झाली, तिथून पुढे मोठ्या दवाखान्यात श्वासाच्या यंत्रावर. चौथ्या दिवशी मुलगा स्वतः श्वास घेऊ लागला. मी भेटायला गेले तेव्हा म्हणाला, "ताई, मला सगळं ऐकू येत होतं. डोळे उघडत नव्हते. काका मोजताना एकदा चार विसरला होता." मण्यारच्या विषाने माणूस हलत नाही, पण पुष्कळदा शुद्धीवर असतो. म्हणून रुग्णासमोर काय बोलायचं ते तेव्हापासून मी फार सांभाळते.

त्या मुलाच्या घरी देवाचे उपकार मानायला आम्ही सगळे जेवलो. भगतही आला होता. आज त्याच्या पाड्यावर साप चावला तर पहिला फोन तोच करतो.

आता दुसरी रात्र. त्याच पावसाळ्यातली, सप्टेंबरची सुरुवात. एका पाड्यावर घरी बाळंतपण झालं. बाळ ठीक, पण बाईचं रक्त थांबत नाही. आम्ही पंचवीस मिनिटांत नाल्यापर्यंत पोचलो. फरशीपुलावरून पाणी वाहत होतं. पलीकडे कंदील दिसत होता. तिला झोळीत घालून काठापर्यंत आणलं होतं. आमच्यात आणि तिच्यात चाळीस पावलं असतील.

नवरा पलीकडून हाका मारत होता. मी चप्पल काढली. पदर खोचला. चालकदादांनी माझा हात धरला आणि काही बोलले नाहीत. त्यांनी एक जाड फांदी पाण्यात टाकली. ती क्षणात दिसेनाशी झाली. मला सरांचा आवाज आला, आता माझ्याकडे दोन रुग्ण आहेत.

मी थांबले. काठावर उभी राहून ओरडत राहिले. पोट बेंबीखाली चोळा, गोळा घट्ट होईपर्यंत चोळा, बाळाला पाजायला लावा, पाय वर उचला, पांघरूण घाला. घसा बसला तरी ओरडले. पन्नास मिनिटांनी पाणी उतरलं. आम्ही गेलो. गोळा मऊ होता. मी चोळला, ऑक्सिजन लावला, गाडीत घेतलं, डॉक्टरबाई फोनवर सांगत होत्या ते सगळं केलं. घाटाच्या अलीकडे तिची नाडी माझ्या बोटांखाली गेली. मी मोजत होते. मोजायला काही उरलं नाही तेव्हाही मी दाब देत राहिले, दवाखान्याच्या दारापर्यंत.

मी पुढचे तीन आठवडे गाडीत बसले नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, तू बरोबर केलंस. पाळकसाहेबांनी माझ्याबरोबर प्रार्थना केली. ते दोघं खरं बोलत होते. पण मला वाटत होतं की मी दहा वर्षांची आहे आणि अजून बॅटरी घेऊन पुढे चालते आहे.

मग मी त्या घरी गेले. मला वाटलं, शिव्या देतील. सासूने पाणी दिलं. बाळ शेळीच्या दुधावर होतं. त्याचं दूध कसं द्यायचं ते डॉक्टरबाईंना विचारून सांगितलं. शेजारी त्या पाड्यावरची दाई बसलेली होती, साठीची असेल. ती म्हणाली, "पोरी, तू पलीकडून काहीतरी ओरडत होतीस. पाण्याच्या आवाजात एक शब्द कळला नाही. काय सांगत होतीस?" मी सांगितलं. हात धरून दाखवलं, कुठे चोळायचं, किती जोराने. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढंच होतं? मग हे आधी का नाही सांगितलंस?"

बंधुभगिनींनो, त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी एक वर्ष पुण्यात शिकले होते. सगळं माझ्या डोक्यात होतं आणि माझ्या बॅगेत होतं. गाडी नाल्यापर्यंत येते. पलीकडे दाईचे हात होते, आशाताई होती, नवरा होता, चार खांदेकरी होते. तिथे पुष्कळ हात होते. त्यांना शिकवायला कोणी गेलं नव्हतं, आणि त्यात मीही होते.

त्या दिवसापासून आमच्या कामाचा अर्धा भाग बदलला. महिन्यातले दोन रविवार, उपासनेनंतर, आम्ही एका पाड्यावर जातो. ख्रिस्ती असो नसो, सगळे येतात. प्रत्येक पाड्यातून एक बाई आणि एक पुरुष पक्के शिकवायचे, बाकीच्यांनी बघायचं. भाषा मावची, जिथे कोकणी किंवा भिलोरी तिथे ती. पुतळ्याला पैसे नाहीत म्हणून गोणीत भुसा भरून छाती केली आहे. शिकवतो ते मोजकंच आहे. बाळंतपणानंतर पोट कसं चोळायचं. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड धरून दाबून ठेवायचं, उघडून बघायचं नाही. साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, चालवायचं नाही, वेळ लक्षात ठेवायची. बेशुद्ध पण श्वास घेणाऱ्याला कुशीवर वळवायचं, तोंडात पाणी ओतायचं नाही. सिकलसेलचा रुग्ण कळा येऊन तळमळत असेल तर त्याला ऊब द्यायची, शुद्धीवर असेल तर पाणी पाजायचं, त्याचं कार्ड बरोबर घ्यायचं आणि दवाखाना गाठायचा. झोळी सोडून खाट किंवा दार वापरायचं. आणि सगळ्यात आधी जागा बघायची, मग धावायचं.

पहिला वर्ग त्याच पाड्यावर घेतला. ती दाई आता माझ्याबरोबर दुसऱ्या पाड्यांवर येते आणि पोट चोळायचं तीच शिकवते. माझ्यापेक्षा तिचं बायका जास्त ऐकतात.

आतापर्यंत नऊ पाडे झाले. मोठा आकडा नाही. पण गेल्या मे महिन्यात एका पाड्यावर आंब्याच्या झाडावरून तरुण पडला. आम्ही पोचलो तेव्हा त्याला कोणी उठवून बसवलं नव्हतं. एकाने डोकं सरळ धरून ठेवलं होतं, चौघांनी एका हुकमाने वळवून दारावर घेतलं होतं, आणि एक मुलगी दर पाच मिनिटांनी नाडी मोजून कोळशाने भिंतीवर लिहीत होती. मी मानेला कॉलर लावली आणि निघालो. तो आज चालतो आहे. त्या दिवशी मला करण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं, आणि इतका आनंद मला नोकरीत कधी झाला नाही.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. मी आता तो माझ्या कामाच्या नजरेने वाचते. तो जवळ गेला. जखमा बांधल्या. आपल्याच जनावरावर बसवलं, म्हणजे स्वतः पायी चालला. उतारशाळेत पोचवून त्या रात्री तिथेच राहिला, आणि सकाळी पुढची व्यवस्था लावून, खर्चाचं बोलून गेला. आमच्या पाठ्यपुस्तकातला सगळा क्रम त्यात आहे. आणि तेल, द्राक्षारस आणि जनावर त्याच्याजवळ होतं, म्हणून त्याची दया कामाला आली. माझ्या काकीला झोळीत नेणाऱ्यांची दया त्याच्यापेक्षा कमी नव्हती.

आता मागणं. तीन गोष्टी मागते.

पहिली, यंदा दोन मुलं शिकायला तयार आहेत, एक मुलगा पावरा आहे धडगावकडचा, एक मुलगी आमच्याकडची. दोघं बारावी पास आहेत. २०२१ च्या कायद्याने या व्यवसायाला देशात मान्यता मिळाली आहे, म्हणजे त्यांना पुढे वाटही आहे. त्यांची फी आणि राहण्याचा खर्च हवा.

दुसरी, पाड्यावर ठेवायच्या पेट्या. हातमोजे, पट्ट्या, स्वच्छ कापड, बॅटरी, शिट्टी. महाग काही नाही. आणि शिकवण्यासाठी एक खरा पुतळा मिळाला तर गोणीला सुटी देता येईल.

तिसरी गोष्ट पैशांची नाही. तुम्ही शहरातले आहात. तुमच्या मंडळीत वर्षातून एक रविवार छातीवर दाब द्यायला आणि रक्त थांबवायला शिका. तुमच्या जवळही कोणी शिकवणारं मिळेल. रस्त्यात अपघात दिसला तर थांबा. आमच्या कोंडाईबारी घाटात मी कितीदा बघते, पोलिसांच्या भीतीने गाड्या पुढे जातात. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात बदल झाला आहे. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, आणि नाव सांगण्याचीही सक्ती नाही. फक्त थांबल्यावर आधी जागा बघा.

त्या बाळाचं नाव मी सांगत नाही, ते आता तीन वर्षांचं झालं आहे. मागच्या महिन्यात वर्ग चालू असताना ते आजीच्या मांडीवरून उतरून आलं आणि भुशाच्या गोणीवर दोन्ही हातांनी दाबू लागलं. सगळ्या बायका हसल्या. दाई म्हणाली, "मोज रे, मोज." आणि त्याने मोजलं, तीनपर्यंत. पुढचं त्याला अजून येत नाही.

पुढचं शिकवायला आम्ही आहोत. तुम्ही आमच्या मागे उभे राहा आणि आमच्यासाठी प्रार्थना करा. विशेषतः पावसाळ्यात.

प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो.